काजळीच्या तोंडचं पहिलं वाक्य

नाही, पण सोमवारी पुस्तक छापायला जायचंय, आज शनिवार, आणि बाई अजून तोंड उघडत नाही म्हणजे काय?

काजळी आठवते ना? राखेच्या टिटवीवर बसून धुराच्या राक्षसांशी लढणारी! खापरखेड्याच्या रुपरावकाकांनी वीज केंद्रातली नोकरी सांभाळून काढलेली चित्रकथा, एकवीस अंक, आम्ही सगळी मुलं वेडी! आणि ही बया एकवीस अंकांत एकदाही बोलली नाही. राक्षस बोलतात, नको तितकं बोलतात, पण काजळीच्या तोंडाजवळचा संवादाचा फुगा कोरा! मग आम्हीच पेन्सिलीने त्यात लिहायचो. एकेक अंक नागपुरातल्या जरीपटक्यापासून कामठीपर्यंत फिरायचा, आणि नियम एकच... दुसऱ्याचं खोडायचं नाही, खाली आपलं लिहायचं. अहो, त्या फुग्यांपायी मी स्कॉटलंडात जाऊन साहित्य शिकले! परत आले, प्रकाशकाला म्हटलं, काजळीची कादंबरी झालीच पाहिजे, हा आपला ठेवा आहे! लिहिली. दोनशे पानं. तर प्रकाशक म्हणतो, "नूपुर मॅडम, कादंबरीत फुगे नसतात. नायिका बोलली पाहिजे."

आता तिला बोलायला लावू तरी काय?

एक वाक्य लिहिलं. काय वाक्य होतं! 'अंधार हा शत्रू नव्हे, तो आपल्याच भयाचा आरसा आहे.' आईला वाचून दाखवलं. ती भेंडी चिरता चिरता म्हणते, "काजळी बोलून राहिली का शाळेची हेडबाई वं?"

बरं, सोपं केलं. 'थांबा, मी येतेय!' कामठीच्या शेअर ऑटोत ऑटोवाल्या धम्मानंददादांना ऐकवलं, तर त्यांनी चालता ऑटो बाजूला घेतला! "काहून? माह्या अंकात ती म्हणते, आधी पाणी पाज. मी सोता लिहिलं हाये, सातवीत!" मागच्या सीटवरून एक बाई, "काही बी! ती म्हणते, माह्या बहिणीले सोड!" पाच प्रवासी, पाच काजळ्या! आणि धम्मानंददादा हळूच, "ताई, तुमी फारीनले शिकून आल्या, अन् आमचं खोडून राहिल्या?"

खोडून? मी?... सांगा, बोलायला लावू तरी काय?

शेवटी खापरखेडा गाठलं. नाहीतरी रुपरावकाकांची सही असल्याशिवाय पुस्तक निघणार नाही, करारातच आहे तसं. बसल्या बसल्या विचारलं, "काका, तिचं मौन म्हणजे... पिढ्यान्‌पिढ्या दाबलेला आवाज, हो ना? नेमकं काय होतं तुमच्या मनात?"

काका चष्मा पुसतात. "काही नाही वं पोरी. शब्द लिहायचा गिरिधर, अक्षर सुंदर त्याचं. राक्षसाचं लिहून झालं, अन् काजळीवर भांडण लागलं. तो म्हणे हे बोलते, मी म्हणो ते बोलते. छापखानेवाला दारात उभा! गेला फुगा कोरा."

"आणि पुढचे वीस अंक?"

"वीसही बार भांडलो ना!" आणि लगेच खिडकीतून शेजारी हाक, "गिरिधर! ये गा, पोरगी काजळीचं विचारून राहिली!"

आले! दोघं पंचाहत्तरीचे, चहा यायच्या आत एकमेकांच्या अंगावर! तासभर ऐकलं, शेवटी राहवेना, मी ओरडले, "अहो, ती असं म्हणूच शकत नाही!"

दोघं वळले माझ्याकडे. मग रुपरावकाका काय खूश! "बस, पोरी, बस! सही काय, आत्ता करतो... तिघायचं एक झालं की."

बसलेय.