पक्का लाल

माहेर माझं उमरेडचं, विणकराचं घर, अन् देश स्वतंत्र झाला त्याच साली मले नागपूरले दिलं, म्हणून लग्नाचं साल कोणाले विचारा लागत नाही. सासरी सारे मागावर, आमचे हे मात्र रंगारी, लुगड्याच्या काठाचं सूत लाल रंगवायचे एका शेठच्या कारखान्यात. काय सांगू ताई तुमाले, यायचा लाल सुतावरूनही जात नव्हता अन् हातावरूनही, कोपरापर्यंत माणूस लाल. मी म्हणायची, जेवून राहिले का नवरीवानी मेंदी दाखवून राहिले, तर म्हणायचे, गप वं, मेंदी उतरते, हा नाही उतरत.

रंग पक्का करायले हौदात नारंगी पूड टाकायचे, अन् पाणी बरोबर जमलं का ते बोट बुडवून जिभेवर लावून पाहायचे, रीतच होती ती, अन् यायची जीभ साऱ्यायत चांगली. रंगाऱ्यायले लघवीही रंगीत व्हायची, त्याची आपसात मस्करी चालायची, आज कोणतं लुगडं काढलं गा म्हणून. त्यामुळं यायले लाल होऊन राहिली तर कोणाले काही वाटलं नाही. तोंड सुजलं तर सासू म्हणे, सुनेच्या हातचं अंगी लागून राहिलं, अन् मी आपली खुश.

मग पोळ्याची सुटी आली, कारखाना चार दिवस बंद, रंगाले हात नाही लावला यायनं. सुटी संपत आली तेव्हा मोरीतून मले हाक मारली, अवं, हौद तर बंद आहे, मग हा लाल कोठचा?

डॉक्टर म्हणाले, रक्त आहे, गुर्दे खराब झाले, त्या पुडीचा संशय आहे, काम सोडा अन् मीठ सोडा. शेठ म्हणे, बाकीचे काहून नाही पडले आजारी? हे म्हणाले, त्यायची जीभ कच्ची आहे शेठ.

मी सगळ्या घराचंच मीठ बंद केलं, यायले एकट्याले आळणी वाढायचं माझ्याच्यानं होत नव्हतं. हे रोज म्हणायचे, आज चव आली वं भाजीले. होळी काही पाहिली नाही यायनं.

आता मी मागवाल्यायले सुताच्या कांड्या भरून देते, पोरगी शाळेत जाते, सारं वेळच्या वेळी होते. पोरगी म्हणते, आई, तू मीठ काहून विसरते? विसरत नाही ताई मी, टाकावंसंच वाटत नाही. वाटते, कोणीतरी घास घ्यावा अन् खोटंच म्हणावं, चव आली वं. तुमचं माणूस सलामत राहो, त्याच्या ताटापाशी बसत जा.