तळ्याचं वरचं अंग

तुमी हसाल राव, पण आमच्या तळ्याचं पाणी अजून माझ्या घशाखाली नीट उतरत न्हाई. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो चालायला लागला, तसा जो तो फवारणीचा पंप तळ्यात धुवायला लागला. गावाला प्यायला पाणी तेच! मग आमी पोरांनी तळ्यावर राखण धरली. माझ्या पाळीला बघतो तर चुलतभाऊ बाळू पंप खळबळतोय. माझं टाळकंच फिरलं.

"आरं, इषारी औषध हाय ते!"

"म्हणून तर खालच्या अंगाला धुतोय. प्यायचं वरच्या अंगाला भरायचं. नदीवर न्हाई का करत?"

वरचं अंग म्हणजे समोरचा काठ. तरातरा वळसा घालून गेलो, तर तिथं शंकरभाऊ पंप धूत बसलेले.

"भाऊ, तुमीपण?"

"मी खालच्या अंगालाच हाय की." त्यांनी बाळूकडं हात केला. "वरचं अंग ते."

"आवो, तळं हाय हे! पाणी वाहतंय कुठं?"

दोघंबी दोन काठांवरनं मलाच हसले.

तणतणत घरी आलो. आईनं तांब्या पुढं केला. दोन घोट घेतले अन् एकदम इचारलं, "आये, पाणी कुठनं भरलंस?"

"पी निवांत," आई म्हणाली, "वरच्या अंगालाच भरलंय."