शनिवारचा बर्गर

आता हसू येतं, पण त्या दिवशी फार दमलो होतो मी. मला वाचता येत नाही. बनशंकरीत बर्गरचं नवीन दुकान निघालं होतं, त्याच्या काचेवरचं नातीनं वाचून दाखवलं, "अज्जा, तीन ते चार, एकावर एक फुकट! एक तुला, एक मला." खिशात एकापुरतेच पैसे होते, म्हणून आम्ही तीनच्या ठोक्यालाच रांगेत उभे राहिलो.

गल्ल्यावरच्या मुलीनं बटणं दाबली, तर मशीननं दोन्हींचे पैसे लावले. ती ओशाळली. "भाजीच्या बर्गरलाच चुकतंय, अण्णा. कोंबडीचा घेता? त्याला बरोबर लागतंय."

नातीनं आशेनं माझ्याकडे पाहिलं.

"शनिवार आहे बाळा," मी म्हटलं.

"मग मॅनेजर येऊन दुरुस्त करतील. स्वल्प थांबा," गल्ल्यावरची मुलगी म्हणाली.

आम्ही बाजूला झालो. मागचे लोक कोंबडीचे दोन-दोन घेऊन जात होते. नात कुजबुजली, "अज्जा, जरा भांड ना!"

"कशाला? पोरगी सरळ बोलतेय. होईल."

मॅनेजर आला. त्यानं मशीन उघडलं, बंद केलं, कुठंतरी फोन केला. शेवटी हसत म्हणाला, "झालं अण्णा, आता चूक नाही."

मुलीनं पुन्हा बटणं दाबली. पुन्हा दोन्हींचे पैसे!

"आता हे बरोबर आहे, अण्णा," ती हळूच म्हणाली. "चार वाजून गेले."

एकच घेतला. तो अर्धा करताना नात म्हणाली, "अज्जा, मशीनला घड्याळ मात्र पहिल्यापासून वाचता येत होतं."