चाड्यावरची पाटी

सकाळी भोसरीच्या बसथांब्यावर माझ्यापुढे दोघे उभे होते. एक वर्कशॉपातला खंडू, दुसरा पुण्याच्या सरकारी संग्रहालयात पहाऱ्याला असणारा जयसिंग.

"जयसिंगराव, तिफणीचं चाडं तुमच्याकडं काचेत ठिवलंय म्हणं?"

"व्हय. खाली पाटी हाय, 'देवपूजेचे पात्र'."

"अहो, त्यातनं बी पेरायचं! तळाला तीन भोकं असत्यात. कुठल्या देवाला पाणी घालणार त्यातनं?"

"मी हेच सायबांना सांगितलं. ते म्हणाले, पाटी दिल्लीहून येते, तिकडं लिहावं लागंल."

"मग लिहिलं?"

"लिहिलं की. उत्तर आलं, सांगणाऱ्याचं शिक्षण किती?"

"काय कळवलंत?"

"चौथी पास, वीस वर्षं पेरणी."

"मग?"

"विचार चालू हाय म्हणत्यात."

"म्हंजे लोक चुकीचंच वाचून जात्यात?"

"मी जाऊ दिलं तर ना! शेजारीच उभा असतो. पाटी वाचून झाली, की हळूच खरं सांगतो."

"आन् तुमी रजेवर असला म्हंजे?"

"चार वर्षांत रजा घेतलीय कुठं, राव!"