सितारामकाकांच्या पिशवीतलं पातं

आज शनिवार, अठ्ठावीस फेब्रुवारी. सकाळी काम नेहमीसारखं झालं. दुपारी मशिनी बंद करून वर्कशॉप झाडलं, खुर्च्या मांडल्या, हार आला, आणि आता आपण इथे बसलो आहोत.

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय राजवर्धन साहेब, प्रमुख पाहुणे श्री. धर्मराज पाटील, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती सितारामकाका, त्यांच्या शेजारी बसलेल्या रखमाकाकू आणि तुर्भ्याच्या या कारखान्यातील माझ्या सहकाऱ्यांनो, सर्वांना नमस्कार.

मला बोलायची सवय नाही. मी स्टोअरमध्ये बसते, मागाल ती वस्तू देते. पण काकांनीच सांगितलं, "शर्मिला, तू दोन शब्द बोल. रोहन असता तर तो बोलला असता." माझे पती रोहन काकांच्या हाताखाली फॅब्रिकेशन शिकले. गेल्या वर्षी ते गेले. आपल्या माणसांना माहीत आहे, पाहुण्यांसाठी सांगितलं.

काकांबद्दल काय सांगू? इतकी वर्षं फोरमन, पण त्यांच्या शॉपमध्ये कोणाच्या बोटाला टाका पडला नाही. पात्यावरचा गार्ड काढलेला ग्राइंडर दिसला की प्लग ओढायचे आणि म्हणायचे, "घरी फोन लाव. सांग, आज लवकर येतो, पण एकच हात घेऊन येतो." हसताय ना? मीही हसायचे.

मग हाच माणूस परवा स्टोअरच्या खिडकीशी येऊन काय म्हणाला?

"कळंबोलीला घरावर शेड टाकायचीय. पत्रा, लोखंडी अँगल, सगळं घरीच कापणार. मशीन कुठली घेऊ गं?"

मी म्हटलं, "पत्र्याला जिगसॉ घ्या, धातूचं बारीक दातांचं पातं लावून. अँगलला चॉपसॉ. तुकडा त्यातच घट्ट आवळता येतो."

"दोन-दोन मशिनी? अगं, ग्राइंडर घेतलाय, बास. त्यालाच लाकडाचं दातेरी पातं लावतो. झरझर जातं."

"आणि गार्ड?"

"पातं मोठं आहे, गार्ड बसत नाही. घरी कोण बघतंय?"

अध्यक्ष महाशय, हेच शब्द मी माझ्या स्वयंपाकघराच्या दारात रोहनच्या तोंडून ऐकले होते. बाल्कनीवर टाकायचा पत्रा होता. दातेरी पातं पत्र्यात अडकलं, आणि मशीन हातातून उसळून मानेशी आली. कारखान्यात एकही नियम न मोडलेला माणूस. आपल्याकडे हे असं का होतं? गेटबाहेर पडताना चष्मा, हातमोजे लॉकरमध्ये ठेवतो, तशी भीतीही तिथेच ठेवून जातो का?

भेटवस्तू आणायचं काम माझ्याकडे होतं. तुम्ही सर्वांनी भिंतीवरचं घड्याळ सांगितलं होतं. माफ करा, या खोक्यात जिगसॉ आहे. हितेश, कपाळाला हात लावू नकोस.

काका, खोकं घेतलंत, बरं वाटलं. आता ती खुर्चीखालची पिशवी माझ्याकडे द्या. पातं तिच्यातच आहे, सकाळी तुम्हीच दाखवलंत. उद्या काम सुरू करणार, असंही म्हणालात.

काय? माईकवर आलं नाही. "बघू"?

"बघू" नको, काका. हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा.

रखमाकाकू, आत्ता त्यांनी पिशवी पायाने मागे सरकवली. तुम्हीही पाहिलंत. मला यापुढे काही करता येणार नाही. उद्या त्या घरात तुम्ही असाल.

अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण सर्वांनी ऐकून घेतलं, मी ऋणी आहे. काकांना दीर्घायुष्य लाभो, हे आज मी नुसतं बोलायचं म्हणून बोलत नाही. चांगल्या प्रसंगी नको ते तोंडून गेलं असेल तर पोटात घाला.

बाहेर पानं मांडली आहेत, सगळ्यांनी जेवून घ्या. माझं पान वाढू नका. मी घरी जाऊन भात लावते. आता अर्धी वाटी तांदूळ पुरतात.