बांधणी : किसन बाइंडर

माझा जन्म कसबा पेठेतला आणि मरणही इथंच, तेवढं आधी लिहून घ्या. वडील बाइंडर, मी बाइंडर. शाळा चौथीपर्यंत, पुढं वडिलांनी खळीचा डबा हातात दिला आणि म्हणाले बस. मैद्याची खळ, मोरचूद घालून शिजवलेली, तिला कीड लागत नाही. तेव्हापासून पुस्तकंच हातात, पण वाचली म्हणाल तर नाही, मला पुस्तक पाठीवरून कळतं. माझ्या हातची शिलाई उसवली म्हणून आजवर एक माणूस परत आलेला नाही. बढाई नाही ही, कसब्यात कुणालाही विचारा. म्हणजे विचारायला आता राहिलंय कोण, तो भाग वेगळा.

तर शनिवार पेठेत लिमये मास्तर म्हणून होते, शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांनी एक खेळाचं पुस्तक लिहिलं. पट नाही, सोंगट्या नाहीत. चार-पाच जणांनी सतरंजीवर बसायचं, एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, कुणी गडकरी, कुणी वैदू, कुणी चोर. आणि चोराला दार उघडता आलं की नाही ते फासे टाकून ठरवायचं. सगळे नियम, सगळे नकाशे पुस्तकात. मी म्हणलं मास्तर, मोठी माणसं हे खेळणार? ते म्हणाले किसनराव, मोठी माणसं दिवसभर दुसरं काय करतात.

पण त्यांची अट एकच होती. सांगणाऱ्याच्या एका हातात फासे, दुसऱ्या हातात पेन्सिल, तेव्हा पुस्तक मधोमध उघडं ठेवलं की हात न लावता उघडं राहिलं पाहिजे. पहिला नमुना मी नेला तर त्यांनी तो पंख्याखाली जमिनीवर उघडा ठेवला आणि आम्ही दोघं चहा पीत बघत बसलो. दोन पानं उलटली. म्हणाले, परत करा. तिसऱ्यांदा जमलं. सोळा पानांची घडी म्हणजे एक फर्मा, प्रत्येक फर्म्याच्या घडीतून दोरा ओवलेला, पाठीला मऊ कापड, पुस्तक कसं चटईसारखं पडायचं. छापून आलं तेव्हा दुसऱ्या पानावर त्यांच्या नावाखाली माझं नाव होतं. बांधणी : किसन बाइंडर, कसबा पेठ. काय सांगू तुम्हाला, लग्नाची पत्रिका सोडली तर माझं नाव छापलेलं ते तेवढंच.

मग मास्तर गेले, छापखाना बंद पडला, पुस्तक मिळेनासं झालं. एक प्रत माझ्या कपाटात, जुन्या धोतरात गुंडाळून ठेवलेली. मला ते खेळता येत नाही, पण होती.

गेल्या वर्षी मास्तरांची नात आली, मुक्ता, वारज्याला असते, कॉम्प्युटरमध्ये आहे. म्हणाली काका, आजोबांचं पुस्तक परत काढायचंय, घरात एकही प्रत उरली नाही, लोक शोधतायत. मी म्हणलं हजार छापून ठेवणार कुठं? ती म्हणाली आता तसं नसतं, ज्याला हवं त्यानं मागायचं, मागेल तेव्हा एक छापायचं, थेट त्याच्या घरी जातं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. कपाटातून प्रत काढली, दिली, आणि म्हणलं जशी नेतेस तशी आण. हो काका म्हणाली.

महिना-दीड महिन्यानं आली. एका हातात नवं पुस्तक, दुसऱ्या हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत माझं पुस्तक. सुटी पानं. पाठ कापलेली. अहो, स्कॅन करायच्या मशीनमध्ये एकेक पान भराभर जावं म्हणून तिनं जिथं दिलं त्या दुकानवाल्यानं थेट कटरखाली घातलं, विचारलंसुद्धा नाही. जे पुस्तक आपणहून सपाट पडतं, ज्याला काचेवर नुसतं पालथं घातलं असतं तरी चाललं असतं, ते कापलं. मुक्ता रडायला लागली, म्हणाली मला माहीत नव्हतं, मी नुसतं देऊन आले. म्हणलं रडू नको, पिशवी ठेव, ते दुसरं दाखव.

नवं पुस्तक गुळगुळीत, कव्हर चकचकीत. मी जमिनीवर उघडं ठेवलं. टपकन मिटलं. परत उघडलं, तळव्यानं दाबलं, तर पाठ कडकन वाजली आणि नकाशाचं पान माझ्या हातात आलं. सगळी सुटी पानं आणि गोंद, शिलाई नावाला नाही. मी म्हणलं हे कुणी बांधलं, त्याला माझ्यासमोर आण. ती म्हणाली काका, तसा बांधणारा कुणी नसतोच, मशीन असतं, कुठल्या गावात छापलं तेसुद्धा आपल्याला कळत नाही. म्हणजे बघा, शिव्या द्यायच्या तर द्यायला माणूस नाही.

आणि मग मी दुसरं पान उघडलं. मास्तरांचं नाव, आणि खाली, बांधणी : किसन बाइंडर, कसबा पेठ.

ती म्हणाली मुद्दाम ठेवलंय काका, पहिल्यासारखं, जसंच्या तसं, आदर म्हणून. मी म्हणलं उद्या एखाद्या न्हाव्यानं गिऱ्हाइकाचा कान कापला आणि दुकानावर पाटी माझ्या नावाची लावली, तर तोही आदरच का? जो कुणी हे पुस्तक उघडेल, ज्याच्या हातात पान सुटून येईल, तो हे नाव वाचणार आणि म्हणणार, हा किसन कोण गाढव. नाव काढ. ती म्हणाली आजोबांनी घातलेलं नाव मी कसं काढू. म्हणलं तुझ्या आजोबांनी ते ज्या पुस्तकात घातलं ते या पिशवीत आहे.

तिनं तिथंच फोनवर खटपट केली आणि म्हणाली, उद्यापासून छापतील त्यात नाव नसेल. मी म्हणलं गेली किती? एकोणीस, ती म्हणाली. म्हणलं परत मागव. ती हसली, काका, विकलेली पुस्तकं परत मागवत नाहीत. मी म्हणलं मी मागवतो, माझं नाव आहे त्यावर. सगळ्यांना कळव, म्हातारा शिवून देणार, फुकट देणार, पण पुस्तक माझ्या पायरीवर आलं पाहिजे.

आता तुम्ही म्हणाल सुटी पानं शिवणार कशी, घडीच नाही तर दोरा ओवायचा कुठं. बरोबर. दोन-दोन पानं जवळ ठेवायची, मधे पतंगाच्या कागदाची पट्टी खळीनं लावायची, रात्रभर वजनाखाली वाळवायची, की झाली घडी तयार. मग फर्मे करायचे, मग सुई. एका पुस्तकाला मला आठवडा लागतो, डोळे पहिल्यासारखे नाहीत. सून म्हणते मामा, या वयात कशाला. तिला म्हणलं, तुझ्या नावावर कुणी नासकं दूध विकलं की मग मला विचार.

चौदा आली. काही कुरिअरनं, काही पोरं स्वतः घेऊन आली, इथं दुकानातच सतरंजी टाकून खेळूनही गेली, एक जण चोर झाला होता, त्याचं दार काही उघडलं नाही. चौदाही शिवली. प्रत्येक पुस्तक पंख्याखाली उघडं ठेवून बघितलं, मगच दिलं. पिशवीतलं माझं तेवढं राहिलंय, ते सगळ्यात शेवटी.

नवी छापतात त्यात मास्तरांच्या नावाखाली पांढरी जागा आहे. त्यातलंही एखादं कुणी शिवायला आणतं. शिवून झालं, पंख्याखाली टिकलं, की त्या जागेत मी पेनानं माझं नाव घालतो. अक्षर वाकडं येतं. येऊ दे, खोटं तर नाही.

पण पाच आली नाहीत. पाच पुस्तकं कुठंतरी आहेत, टपकन मिटतायत, पानं गाळतायत, आणि आत माझं नाव आहे. मला ते जेवताना आठवतं. तुम्ही हे छापणार असाल तर एवढं नीट छापा, ती पाच ज्यांच्याकडे आहेत त्यांनी आणून द्यावीत. शिव्या देईन, चहाही देईन. कसब्यात कुणालाही विचारा, किसन बाइंडर कुठं बसतो म्हणून. मी आहे तोवर आणा.