लुकासची लिंबं

हसू नका, पण आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत महिनाभर करणी चालू होती! रोज सकाळी पार्किंगमध्ये दोन चिरडलेली लिंबं. शेवटी चेअरमन देशपांडेकाकांनी मीटिंगच बोलावली.

"हा प्रकार कोणाचा?" काका कडाडले.

माझ्या शेजारच्या लुकासने शांतपणे हात वर केला. हा जर्मन, हिंजवडीत नोकरीला, नुकतीच चारशे सीसीची टूरिंग बाइक घेतलेली. त्याने खिशातून लॅमिनेट केलेला कागद काढला. निघण्याआधी रोज तपासायच्या गोष्टी: हवा, ऑइल, चेन, चाकांखाली लिंबं.

मी कपाळावर हात मारला. "अरे, ते फक्त नवीन गाडी शोरूममधून काढताना! पूजेपुरतं!"

"पण शोरूमवाले म्हणाले, यानं अपघात होत नाही," लुकास म्हणाला. "मी महिनाभर हिंजवडीला जातोय. झाला एकही?"



"शुद्ध अंधश्रद्धा!" म्हणत काकांनी मीटिंग गुंडाळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली उतरलो, तर काका हातात दोन लिंबं घेऊन आपल्या स्कूटरपाशी वाकलेले, आणि लुकासला विचारतायत, "अहो, आधी पुढच्या चाकाखाली, का मागच्या?"